उत्तराभिमुख घर

घर बघायला लागलो तेव्हा वाईहून आईची एकच सूचना होती: दक्षिणेकडे तोंड असलेलं घर घेऊ नका. उत्तर कुबेराची, पूर्व सूर्याची, बाकी तुमचं तुम्ही बघा. माझा वास्तूवर विश्वास नाही. पण २०२३च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोतल्या एव्हरग्रीनमध्ये जे घर आमच्या खिशाला परवडलं, ते नेमकं उत्तराभिमुख निघालं. डेन्वरपासून पाऊण तासावर, उंची ७,२०० फुटांच्या पुढे, अंगणात पाँडरोसा पाइनची झाडं, सकाळी दारात एल्क हरणं चरताहेत. आई खूश, आम्ही खूश. असं घर इतके महिने विकलं का गेलं नव्हतं, हा प्रश्न जुलै महिन्यात कुणाला पडतो?

जाहिरातींत एक शब्द सारखा दिसायचा, ‘साउथ-फेसिंग ड्राइव्हवे’. दक्षिणमुखी. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा सांगावा तशा कौतुकाने लिहिलेलं. मला वाटायचं, असेल काहीतरी देखाव्याबिखाव्याचं.

मी एसटी ड्रायव्हरची मुलगी. अप्पांनी पसरणीचा घाट नोकरीभर चढला-उतरला, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाटही केला. मला गाडी त्यांनीच शिकवली, पसरणी घाटातच. धुकं, पाऊस, वळणावर सांडलेली खडी, सगळं बघितलेलं. त्यामुळे इथले शेजारी ‘पहिला हिवाळा ना?’ असं विचारायचे तेव्हा मी मनात हसायचे. माझ्या रक्तात घाट आहे, असं वाटायचं.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. बर्फ पडून चार दिवस झालेले, आकाश निळंभोर, खालचा हमरस्ता खडखडीत कोरडा. सकाळी पावणेआठला लेकीला शाळेत सोडायला निघाले. आमच्या घरांचा रस्ता उतरून हायवे ७४ ला मिळतो. मध्ये दोन वळणं, दोन्ही झाडांच्या सावलीत. रस्ता फक्त ओला दिसत होता, आणि ओल्या रस्त्याचं मला काय कौतुक?

दुसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे टायरचा आवाज बंद झाला. सगळ्यात आधी कळलं ते एवढंच. डांबरावर टायर घासल्याचा जो बारीक घरघराट आपण ऐकतोय हेही लक्षात नसतं, तो एकदम थांबला. मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली कर्रकर्र करत थरथरलं आणि वेगात काडीचा फरक पडला नाही. काटा नऊ मैलांवर होता. नऊ! आमच्या आळीतली पोरं सायकल याहून जोरात हाणतात. स्टिअरिंग डावीकडे वळवलं, गाडी सरळच. मग गाडीचा मागचा भाग हळूहळू पुढे यायला लागला. घाई नाही, गडबड नाही.

मागच्या सीटवरून लेक म्हणाली, “आई, आपण आडवे का चाललोय?”

डोंगराच्या अंगाला चर होता म्हणून वाचलो. दुसऱ्या अंगाला काय आहे ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. एका शेजाऱ्यांच्या टपालपेटीचा खांब मोडून गाडी चरात तिरकी बसली. मी दार उघडून पाय खाली टाकला आणि तो पायही गेला. डांबर स्वच्छ काळं दिसत होतं आणि त्याच्यावर काचेसारखा थर. याला काळा बर्फ म्हणतात, पण तो काळा नसतो. तो पारदर्शक असतो, काळा असतो खालचा रस्ता.

वरच्या घरातल्या बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, बुटांना लोखंडी काटे, हातात कॉफीचा पत्र्याचा डबा. डब्यातून मूठमूठ खडी काढून कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी स्वतःपुढे टाकत येत होत्या. लेक ठीक आहे ना ते बघितलं आणि लगेच म्हणाल्या, “गाडीपाशी थांबू नका, वरच्या अंगाला चला. तुम्ही जिथून घसरलात तिथूनच पुढचाही घसरणार.” आम्ही झाडांमागे जाऊन उभे राहिलो. सात-आठ मिनिटांत एक पिकअप त्याच जागी डोललाच, पण त्याने सावरलं.

गाडी ओढणारा ट्रक यायला तीन तास लागले. विम्यातली आपल्या खिशातून भरायची रक्कम दुरुस्तीच्या खर्चाहून मोठी होती, म्हणजे विमा असून नसल्यासारखा. टपालपेटी मीच नवी बसवून दिली. ते सगळं सोडा.

त्या तीन तासांत बाईंच्या स्वयंपाकघरात बसून जे शिकले ते महत्त्वाचं. म्हणाल्या, “तुमची गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असेल, पण त्याने गाडी निघते. थांबताना सगळ्यांच्याच गाड्यांना चार चाकांचे ब्रेक असतात.” मग खिडकीतून समोरचा डोंगर दाखवला. तिकडची घरं दक्षिणेकडे उतरणारी, त्यांच्या वाटा कोरड्या. आमच्या बाजूला सगळं पांढरं. इथे डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम २७ अंश वर येतो. वाईला तेव्हा साधारण ४९ अंश असतो. मधे डोंगराची धार आणि झाडं, त्यामुळे उत्तर उतारावर महिना-दीड महिना ऊन पोचतच नाही. दुपारी कडेच्या ढिगातला बर्फ थोडा वितळतो, पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं आणि रात्री तिथेच गोठतं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. म्हणून बर्फ पडतो त्या दिवसापेक्षा चौथा दिवस वाईट.

कुबेर त्या दिशेला राहत असेलही. सूर्य राहत नाही.

संध्याकाळी अप्पांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “चढतेस कुठल्या गिअरात?”

“अप्पा, ऑटोमॅटिक आहे.”

“मग उतरलीस कुठल्या?”

मी गप्प. डी, म्हणजे ड्राइव्ह. कायम डी. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, ब्रेकवर घाट उतरतो तो ड्रायव्हर नव्हे, हे ज्या माणसाने माझ्या डोक्यात भरलं, त्यालाच मी हे सांगत होते. दुसऱ्या दिवशी गाडीचं पुस्तक काढून वाचलं. गिअरचा दांडा बाजूला ओढला की पहिला-दुसरा हाताने टाकता येतो. पाच महिने त्या दांड्याला मी त्या बाजूला हातही लावला नव्हता.

टायरवाल्याकडे गेले. त्याने खोबणीत मोजपट्टी घातली आणि मान हलवली. डोंगरातून जाणाऱ्या आय-७० महामार्गावर डोटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे टायरची खोबण निदान ३/१६ इंच खोल असावी लागते, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. आमची कशीबशी तेवढी होती. पण मुद्दा वेगळा होता. आमचे टायर बाराही महिने चालणारे, आणि थंडी ७ अंश सेल्सियसच्या खाली गेली की तसल्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर मऊच राहतं. त्यांच्यावर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. नुसतं ‘एम अँड एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं असलं तर बर्फावर चाचणी झालेलीच असेल असं नाही. चार टायरचे पैसे देताना पोटात कालवलं खरं, पण तेवढ्यात गाडी ओढणाऱ्याचं बिल आठवलं.

शिकवणी बाईंनीच घेतली. जानेवारीत एका संध्याकाळी, बर्फ पडत असताना, चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये. म्हणाल्या, “वेग ताशी वीस मैलांवर न्या आणि जोरात ब्रेक मारा.” मला मारवेना. दोनदा तर मी नुसताच पाय ठेवला. तिसऱ्यांदा दाबला. तोच कर्रकर्र आवाज, तीच थरथर. मी सवयीने पाय उचलला, तर त्या ओरडल्या, “उचलू नका, दाबून धरा, ते काम त्याला करू द्या.” हे एबीएस आहे, ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, मोडलेलं काही नाही, हे पायाला कळायला सात-आठ फेऱ्या लागल्या. मग मुद्दाम वळवून गाडी घसरवायची, दोन्ही पेडलवरून पाय काढायचा आणि नजर जायचं तिकडे ठेवायची, झाडाकडे नाही. माणूस ज्या झाडाला घाबरतो त्याच्याकडेच बघतो आणि हात नजरेमागे जातात. घरी आले तेव्हा खांदे भरून आले होते, पण पुढचे चार दिवस मी त्या उतारावर आपली आपण हसत होते.

घाटातलं बरंच काही कामाला आलं. चढणाऱ्याला आधी वाट, हे इथेही तसंच. खालून कुणी येत असेल तर आपण वरच थांबायचं. चढावर मधे थांबायचं नाही. पुढच्याच्या बुडाला चिकटायची सवय मात्र मोडावी लागली. आणि रस्ता वाचायला नव्याने शिकले. रस्ता ओला दिसतोय, पारा शून्याखाली आहे आणि पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत नाहीत, तर ते पाणी नव्हे.

थंडी जास्त म्हणजे धोका जास्त, हाही माझा समज खोटा ठरला. जानेवारीच्या मध्याला पारा उणे २० सेल्सियसच्या आसपास गेला. मी जीव मुठीत धरून निघाले, तर टायरखाली बर्फ कुरकुर वाजतोय आणि गाडी कशी पकडून चालली आहे. बर्फाच्या पृष्ठावर पाण्याचा जो पातळ पापुद्रा असतो, तो शून्याच्या जवळ सगळ्यात बुळबुळीत. त्याच आठवड्यात आईने व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली, वेण्णा लेकला दवबिंदू गोठले, पर्यटकांची गर्दी. मी तिला आमच्या पायऱ्यांचा फोटो पाठवला. तिने विचारलं, “मीठ टाकलंस का?”

टाकलं होतं, तीन पोती. पण उणे ९-१० च्या खाली साधं मीठ जवळपास हात टेकतं. दुपारी थोडं वितळवून ठेवतं, रात्री तेच पाणी आधीपेक्षा गुळगुळीत गोठतं. हायवेवर मॅग्नेशियम क्लोराइडचं पाणी मारतात, ते अजून थोड्या खाली चालतं, पण गाडीचं बूड गंजवतं. आमचा रस्ता खासगी. बावीस घरं वर्गणी काढून एका माणसाला बर्फ लोटायची फळी लावलेला ट्रक फिरवायला सांगतात. बाकी आपलं आपण, म्हणजे खडी. इथे तिला स्क्वीजी म्हणतात. खिडक्या पुसायच्या रबरी पट्टीचं नाव या बारीक खडीला कुणी दिलं देव जाणे. गॅरेजमध्ये कोरडी ठेवलेल्या आठ बादल्या. लागेल त्या सकाळी चहाआधी एक बादली.

मार्चच्या १३ तारखेला मोठं वादळ येणार हे दोन दिवस आधीच कळलं होतं. इथलं मोठं बर्फ वसंतात पडतं. मेक्सिकोच्या आखाताकडची ओल घेऊन पूर्वेचा वारा येतो आणि डोंगर चढताना थंड होऊन सगळं टाकून देतो. मला हे समजायला वेळ लागला नाही, महाबळेश्वरचा पाऊस असाच पडतो, फक्त वारा पश्चिमेचा. आदल्या दुपारी सगळ्या शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्या खाली नेऊन हमरस्त्याजवळच्या सपाटीवर लावल्या, वायपर उभे करून. आम्हीही. मग पायी वर. सामानाच्या पिशव्या लेकीने घसरगाडीवरून ओढल्या.

दोन दिवस पडत होतं. वीज एकोणीस तास गेली. ओल्या बर्फाच्या वजनाने पाइनच्या फांद्या मोडायच्या आणि रात्री तो आवाज बंदुकीसारखा यायचा. आय-७० डोंगरात कितीतरी तास बंद होता. अंगणात रोवलेल्या काठीवर साडेतीन फूट भरले. एव्हरग्रीनच्या आसपास काही ठिकाणी चार फुटांहून जास्त होतं. ट्रक येऊन गेला तो आमच्या वाटेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालूनच. नवरा आणि मी आलटून पालटून फावडं मारत होतो. तिसऱ्या दिवशी ऊन आलं. चार दिवसांत समोरच्या डोंगरावरच्या वाटा काळ्याभोर झाल्या. लोक खुर्च्या टाकून बसले होते. आम्ही त्यांच्याकडे बघत खडी टाकत होतो. आमच्या दारातला शेवटचा तुकडा १९ एप्रिलला गेला. लेकीने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

मे महिन्यात टायर बदलले आणि खडी झाडायला घेतली. आठ बादल्या टाकल्या होत्या, साडेपाच परत भरल्या. उरलेली अजून सापडते आहे, गालिच्यात, गाडीच्या पायपुसण्यात, व्हॅक्यूमच्या पिशवीत. परवा लेकीच्या दप्तरात मूठभर निघाली. मी ती बादलीत टाकली.