तुम्ही विचारलंत म्हणून : रात्रभर त्या गाड्यांत काय बघता?

चोपड्यात हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसे विचारतात. एक, आमच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात चहाला येणारे केळीवाले, ज्यांना मोबाईलवर गोल गोल फिरणाऱ्या शर्यतीच्या गाड्या तेवढ्या दिसतात आणि जूनमधल्या रविवारी हा माणूस डोळे लाल करून का बसला आहे ते कळत नाही. दुसरी घरातली, ज्यांनी उत्तराची आशा सोडली आहे पण विचारायचे सोडलेले नाही. चोवीस तास त्याच रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांत बघायचे काय, आणि पहिला कोण आला हे सकाळी वाचता येत नाही का? वाचता येते. पण मला पहिला कोण आला यापेक्षा कोण कुठे थांबला, किती वेळ थांबला आणि का थांबला हे बघायचे असते, आणि ते कोणी नीट छापत नाही.

ही खोड मला धंद्याने लावली. आमच्या गाड्या शिरपूर, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा या मार्गाने दिल्लीला केळी पोचवतात. अंतर हजार किलोमीटरच्या वर, गाडीवर दोन ड्रायव्हर, आणि मागे हिरवा माल, जो बिजासनचा घाट चढतानाही आतल्या आत पिकायच्या तयारीतच असतो. 2015 च्या मे महिन्यात आमची एक भरलेली गाडी शिवपुरीच्या अलीकडे फॅन बेल्ट तुटून उभी राहिली. बेल्ट किरकोळ किमतीचा. नवीन घेऊन पेटीत टाकू का, असे ड्रायव्हरने निघण्यापूर्वी मला विचारले होते आणि पुढच्या खेपेला बघू, असे मीच सांगितले होते. रात्री अकराला थांबलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. दिल्लीत ताडपत्री काढली तेव्हा वरचे दोन थर पिवळे पडलेले होते आणि व्यापाऱ्याने आमच्याशी भावाची गोष्टसुद्धा केली नाही.

त्यानंतर वर्षभराने, जून 2016 मध्ये, भाच्याने मला फ्रान्समधल्या ल मां इथली मोटारींची चोवीस तासांची शर्यत दाखवली. मी शेवटचा अर्धा तास तेवढा पाहिला. टोयोटाची 5 क्रमांकाची गाडी पुढे होती, काझुकी नाकाजिमा चालवत होता, आणि तेवीस तास सत्तावन्न मिनिटे झाल्यावर तिचा जोर गेला. शेवटची फेरी सुरू व्हायच्या वेळी ती सुरुवातीच्या रेषेपाशीच, प्रेक्षकांच्या समोर, उभी राहिली. मागून पोर्शेची 2 क्रमांकाची गाडी आली, निघून गेली आणि जिंकली. टोयोटा कशीबशी पुन्हा हलली, पण त्या एका फेरीला तिला इतका वेळ लागला की नियमाप्रमाणे निकालात तिचे नावही धरले गेले नाही. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा एक जोड निकामी झाला होता, असे पुढे कंपनीने सांगितले. एक जोड! मला शिवपुरी आठवले. तेव्हापासून मी ही शर्यत सोडलेली नाही.

ल मां ही वर्षातली सर्वांत मोठी शर्यत असली तरी ती जागतिक एंड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या, स्पर्धेच्या हंगामातला एक टप्पा असते. 2024 च्या हंगामात असे आठ टप्पे होते: कतार, इटलीतले इमोला, बेल्जियममधले स्पा, ल मां, ब्राझीलमधले साओ पाउलो, अमेरिकेतले ऑस्टिन, जपानमधले फुजी आणि बहारीन. वरच्या गटातल्या गाड्यांना हायपरकार म्हणतात; खालच्या गटात दुकानात मिळणाऱ्या स्पोर्ट्स कारवरून बेतलेल्या गाड्या असतात, आणि दोन्ही गट एकाच रस्त्यावर एकाच वेळी धावतात. गाडी एक, तिला बहुधा तीन ड्रायव्हर. ल मांत कुणालाही सहा तासांच्या अवधीत चार तासांहून अधिक आणि एकूण चौदा तासांहून अधिक चालवता येत नाही. (हा नियम आग्रा रोडवर कोणी लावला तर निम्म्या गाड्या घाटाखालीच उभ्या राहतील.) हायपरकारच्या चाकांकडे जाणाऱ्या आसांवर मोजमापाची यंत्रे बसवलेली असतात आणि एका भरणीत किती ऊर्जा वापरायची याला मर्यादा असते, त्यामुळे टाकीत किती आहे यापेक्षा हिशोबात किती उरले आहे याची चिंता जास्त. 2022 पासून हे इंधन द्राक्षाची दारू गाळून उरलेल्या चोथ्यागाळापासून बनवलेले असते, हे सांगितल्यावर आमच्या ऑफिसातला प्रश्नकर्ता पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढतो. कुणाची गाडी फार पुढे जाऊ लागली की तिचे वजन वाढवून आणि ताकद घटवून सगळ्यांना बरोबरीत आणण्याचीही पद्धत आहे. ती मला मुळीच आवडत नाही, पण तिच्यामुळेच इतक्या कंपन्या मैदानात टिकून आहेत हे मान्य करावे लागते.

त्या 2024 च्या हंगामात कतारला प्यूजोची 93 क्रमांकाची गाडी दुसऱ्या जागेवर होती आणि अगदी अखेरीला तिचे इंधन संपले; पोर्शेच्या गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले. इमोलाला फेरारी आपल्या घरच्या मैदानावर पुढे होती, पाऊस आला, टोयोटाने आणि पोर्शेने पावसाचे टायर चढवले आणि फेरारीवाले रस्ता वाळेल या आशेवर कोरड्या टायरांवर फिरत राहिले. टोयोटाची 7 क्रमांकाची गाडी जिंकली. पाऊस थांबेल या आशेवर ताडपत्री न टाकणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून फेरारीच्या बाकावरच्या मंडळींचे चेहरे मला ओळखीचे वाटले.

स्पाची शर्यत 11 मेला होती, म्हणजे आखाजीच्या दुसऱ्या दिवशी. घरात लेकीबाळी आलेल्या, ओट्यावर पत्त्यांचा डाव, आणि मी आत. पावणेदोन तास उरलेले असताना एक कॅडिलॅक आणि एक बीएमडब्ल्यू एकमेकींना लागून कठड्यावर आदळल्या; कठडा दुरुस्त होईपर्यंत लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली आणि गेलेला वेळ नंतर भरून दिला. त्याआधी फेरारी पुढे होती. पण जोटा या खासगी संघाच्या पोर्शेने लाल झेंड्याच्या थोडेच आधी इंधनासाठी थांबून घेतले होते, त्यामुळे पुन्हा सुरुवात झाली तेव्हा त्यांचा थांबा झालेला आणि इतरांचा राहिलेला. विल स्टीव्हन्स आणि कॅलम आयलट जिंकले. बाहेर ओट्यावर त्याच सुमारास कुणाला तरी तीन एक्के आले होते, आणि दोन्हीकडच्या आरडाओरड्यात मला फारसा फरक वाटला नाही.

ल मांविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. शर्यत तिथे दुपारी चारला सुरू होते, आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. 15 जूनला आमच्याकडे मृगाचा पाऊस आज येतो की उद्या अशी वाट पाहणे चालू होते आणि तिथे फ्रान्समध्ये तो नको इतका पडत होता. रात्री उशिरा आणि पहाटे मिळून चार तासांहून अधिक वेळ सगळ्या गाड्या, धोक्याच्या वेळी वेग बांधून ठेवणाऱ्या सुरक्षा गाडीच्या मागे, मुंगीच्या चालीने फिरत राहिल्या. टोयोटाच्या 7 क्रमांकाच्या गाडीवर तिचा नेहमीचा ड्रायव्हर माईक कॉनवे नव्हताच. सायकलवरून पडून तो जखमी झाला होता आणि ऐनवेळी होसे मारिया लोपेझला बोलावले होते. त्यातच पात्रता फेरीत या गाडीची वेळ रद्द झाल्याने ती हायपरकारच्या रांगेत अगदी मागून निघाली होती. तिथून ती वर चढत चढत पहिल्या जागेच्या झगड्यात आली.

पुढे होती फेरारीची 50 क्रमांकाची गाडी: अँतोनियो फुओको, मिगेल मोलिना, निक्लास निल्सन. शेवटच्या दोन तासांत निल्सन चालवत असताना तिचा उजवा दरवाजा उघडा राहिला. ताशी तीनशेच्या वर जाणाऱ्या गाडीचा दरवाजा वाऱ्याने फडफडतो आहे आणि नियंत्रण कक्षातून आज्ञा आली आहे की आत, आपल्या संघाच्या थांब्यावर, या आणि तो लावा. दरवाजा लावायला काही क्षण लागतात, पण गाडी वेळेआधी आत आली, भरणीचा हिशोब बिघडला, आणि उरलेले अंतर आहे त्या ऊर्जेत काढायचे म्हणजे जोर काढून घेत, ओल्या रस्त्यावर, मागे टोयोटा असताना चालवायचे. इकडे लोपेझचीही गाडी एकदा गरकन फिरली, त्याचेही काही सेकंद त्यात गेले. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. माझी आई दारात आली आणि तिने अहिराणीत विचारले, ‘‘सपनं का?’’ मी मान हलवली. संपले नव्हते.

निल्सनने गाडी पहिली आणली. एकूण 311 फेऱ्या, म्हणजे चोपड्याहून दिल्लीच्या जवळपास चार खेपा. फरक चौदा सेकंदांचा, आणि अखेरीस गाडीत उरलेली ऊर्जा सुमारे दोन टक्के. आमचा जुना ड्रायव्हर, जो पारोळ्याकडचा आहे आणि ज्याच्यासमोर मी ही कथा दोनदा सांगितली आहे, तो पहिल्यांदा एवढेच म्हणाला, ‘‘दरवाजा कोणी तपाशेल व्हता?’’ मला त्याच्याइतका योग्य प्रश्न दुसऱ्या कुणी विचारलेला नाही.

साओ पाउलोला टोयोटाची 8 क्रमांकाची गाडी जिंकली, एवढेच सांगून पुढे जातो. ऑस्टिनची शर्यत आपल्याकडे रात्री उशिरा सुरू होऊन पोळ्याच्या पहाटे संपली. 83 क्रमांकाची पिवळी फेरारी आणि 7 क्रमांकाची टोयोटा यांच्यात शेवटी दोन सेकंदांचेही अंतर नव्हते, आणि टोयोटाने ते अंतर पिवळ्या झेंड्याखाली वेग कमी न केल्याच्या शिक्षेपायी गमावले होते. त्या फेरारीवरच्या तिघांपैकी एक रॉबर्ट कुबिका. 2011 मध्ये एका रॅलीतल्या अपघातात त्याचा उजवा हात गमवायची वेळ आली होती. तो व्यासपीठावर चढला तेव्हा आमच्या गल्लीत बैल धुवायला निघाले होते. फुजीला, गणपतीच्या दिवसांत, पोर्शेची 6 क्रमांकाची गाडी जिंकली.

हीच गाडी वर्षाची विजेती ठरली: केव्हिन एस्त्र, आंद्रे लोटरर, लॉरेन्स वांथूर. आठांपैकी कतार आणि फुजी या दोनच शर्यती त्यांनी जिंकल्या. इमोला, स्पा आणि साओ पाउलोला दुसरे आले, ल मांला अव्वल जागेवरून सुटून चौथे. टोयोटाच्या 8 क्रमांकाच्या गाडीनेही दोनच जिंकल्या, पण मधल्या शर्यतींत तिचे गुण गळत गेले. मला विचारणाऱ्यांना मी हा तक्ता दाखवतो, कारण आमच्या वहीतही वर्षाअखेरीस ज्या गाडीने सर्वांत जास्त कमावलेले असते ती सर्वांत वेगाने दिल्ली गाठणारी गाडी कधीच नसते.

बहारीनची आठ तासांची शर्यत 2 नोव्हेंबरला, पाडव्याला होती. एस्त्र आणि मंडळी त्या दिवशी मागे पडली तरी त्यांचे विजेतेपद गेले नाही. कंपन्यांचा किताब मात्र टोयोटाची 8 क्रमांकाची गाडी जिंकल्यामुळे पोर्शेच्या हातून दोन गुणांनी निसटला. साडेबारा वाजून गेले होते, भाऊबीज लागली होती, आणि बहिणींची पोरे हॉलमध्ये पसरून झोपलेली असल्याने मी आवाज बंद ठेवून बघत होतो. आई पाणी प्यायला उठली.

‘‘सपनं का आते?’’

‘‘सपनं,’’ मी म्हटले. ‘‘आता फेब्रुवारीत, कतारला.’’