आमची वाटचाल : पाण्यावर सोडलेली शाई

आमचा धंदा सुमिनागाशीचा, म्हणजे पाण्यावर शाईची नक्षी सोडून ती कागदावर उचलायची जपानी कला. टोकियोत एदोगावा वॉर्डात दोन खोल्यांची जागा आहे, एकीत ट्रे आणि कागद, दुसरीत पॅकिंग, हिशोब आणि नवऱ्याचा लॅपटॉप. कागद फुकुईचा, एचिझेनच्या कागदवाल्या गावांतला, शाईची कांडी नाराची, आणि हात माझे. हे लिहायला बसले कारण आता ओळखीचे लोकसुद्धा विचारतात की तुमचे कागद त्या स्टेशनरीच्या दुकानात एवढे स्वस्त मिळतात, मग तुमच्याकडून कशाला घ्यायचे. ते आमचे कागद नाहीतच. आमच्या कागदाचे फोटो काढून छापलेले आहेत ते, आणि हे एकदा नीट सांगायचंच होतं.

आधी शिकण्याबद्दल. इकडे आलो तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर होते, परवानगी काढली तरी आठवड्याला २८ तासांच्या वर काम करता येत नाही, म्हणून म्हटलं तोपर्यंत शिकून घेऊ. माझ्या सेन्सेई, म्हणजे गुरू, एक म्हाताऱ्या बाई, सुलेखन शिकवायच्या आणि त्यासाठी लागणारे कागद स्वतःच करायच्या. त्यांनी कित्येक महिने मला पाण्याजवळ फिरकूच दिलं नाही, फक्त सुमी, म्हणजे शाई, उगाळ. सहाणेवर चंदन उगाळतो तसं सुझुरीवर थेंबभर पाणी घालून कांडी गोल फिरवायची, जोर अजिबात लावायचा नाही. घरी आजीच्या हाताखाली गंध उगाळायची सवय होती त्यामुळे माझा हात लवकर बसला, हे सेन्सेईंनी चारचौघांत सांगितलं होतं. कांडीत असते काजळी आणि सरस, बाकी थोडा वास. तेलाच्या काजळीची शाई जराशी तपकिरी उमटते, पाइनच्या काजळीची निळसर, आणि हा फरक ती पाण्यावर पातळ पसरली की मगच कळतो. नारामध्ये ही कांडी थंडीतच बनवतात, उन्हाळ्यात सरस नासतो. आणि नवीन लोकांना एक सांगते, बाटलीतली शाई घेऊन सुरुवात करू नका. काही चालतात, पण बऱ्याच तळाला जातात, आणि मग वाटतं आपलाच हात वाईट.

दोन ब्रश असतात. एकात सुमी, दुसऱ्यात फैलावणारं द्रव्य, पूर्वी पाइनची राळ वापरायचे, आता भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब खूप पाण्यात मिसळला तरी काम होतं. पाण्याला टोक फक्त टेकवायचं, काळा, मग बिनरंगी, परत काळा, परत बिनरंगी, सगळं एकाच जागी. कडं आतून बाहेर सरकत जातं. दुसरा ब्रश जास्त तेज झाला तर कडी फाटतात, कमी पडला तर काळं एकात एक मिसळतं. मग हलकी फुंकर, नाहीतर पंख्याचा वारा, आणि बारीक रेघ ओढायची असेल तर एक केस कपाळावरून फिरवून, त्या तेलासकट. जुने लोक हेच करत आले आहेत, याच्यापेक्षा चांगलं हत्यार मला अजून मिळालेलं नाही. प्रत्येक कागदानंतर वर्तमानपत्राची पट्टी पाण्यावरून ओढून साय काढायची, हे जो टाळेल त्याचा तिसरा-चौथा कागद मळकट येणारच. आणि एसी बंद. ऑगस्टमध्ये घामाघूम झालात तरी बंद.

लोक याला एब्रू समजतात, म्हणजे पाण्यावर रंग सोडून कागद रंगवायची तुर्की कला. तुर्की एब्रूत पाणी डिंकासारखं घट्ट करतात, कागदाला तुरटी लावतात. आपल्या विजापुरात आदिलशाहीत सतराव्या शतकात अब्रीची जी चित्रं झाली ती त्याच घराण्यातली, आणि ती मला फार आवडतात. पण सुमिनागाशीत पाणी साधं आणि कागदाला तुरटी नाही, खळ नाही, काही नाही. पाणी साधं म्हणून नक्षी थांबत नाही, तुमच्या डोळ्यासमोर सरकत असते आणि तेवढ्यात उचलायची.

सेन्सेई म्हणायच्या एचिझेन पाहिल्याशिवाय तू स्वतःला शिकलेली म्हणू नकोस. तेव्हा शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, तिथवर जात नव्हती, माइबाराला गाडी बदलून ताकेफूला उतरायचं, आता मार्च २०२४ पासून एचिझेन-ताकेफू स्टेशन झालंय. ताकेफूच्या हिरोबा घराण्यात ही कला ११५१ पासून चालत आली अशी परंपरा सांगतात. त्याच्याही आधीचा, १११२ च्या सुमाराचा छत्तीस कवींचा जो कवितासंग्रह क्योतोच्या निशी होंगान-जी देवळात आहे, त्यातले काही कागद सुमिनागाशीचे आहेत. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी लोक या कड्यांवर कविता लिहीत होते. कागदाच्या गावात कागदाच्या देवीचं, कावाकामी गोझेनचं देऊळ आहे, तिथे नमस्कार केला आणि खाली येऊन कोझोचे, म्हणजे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचे, कागद घेतले. घेताना दोसा न लावलेला मागायचा, म्हणजे तुरटी-सरसाची खळ न दिलेला. जिभेच्या टोकाने कोपरा ओला करून बघा, लगेच शोषला तर घ्या.

नवऱ्याला पर्मनंट रेसिडन्सी मिळाली, माझा व्हिसा बदलला, कामाची अट गेली, त्याच आठवड्यात टॅक्स ऑफिसात काइग्योतोदोके, म्हणजे धंदा सुरू केल्याचा फॉर्म, भरून आलो. सुरुवातीला फक्त क्लास आणि सणासुदीची कार्डं. मग टोकियोच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातले, जिंबोचोतले, बाइंडर काका भेटले. काका मी मनात म्हणते, समोर आपलं नावापुढे जपानी पद्धतीचं आदराचं 'सान'. जुन्या पुस्तकांची डागडुजी करतात, छोट्या आवृत्त्या हाताने बांधतात. पहिल्यांदा आले तेव्हा कागद उजेडाकडे धरला, उलटून पाठ बघितली, कोपऱ्यात घडी घालून नखाने दाबली, उघडली, परत दाबली. माझा कागद माझ्यासमोर चुरगळत होते आणि मी गप्प उभी. मग म्हणाले, एंडपेपरला, म्हणजे पुठ्ठ्याच्या आत चिकटवायच्या दुपानी कागदाला, चालेल, डावा-उजवा एकाच उचलीतला हवा, नक्षी घडीवरून सरळ पलीकडे गेली पाहिजे. म्हणजे मोठा ट्रे आणि मोठा कागद, आणि असा कागद पाण्यावर टेकवताना दोघं लागतात. समोरासमोरचे कोपरे धरायचे, पोट आधी टेकवायचं, मग कोपरे सोडायचे, आत हवा अडकली तर तिथे पांढरा टिपका राहतो तो राहतोच. नवरा तेव्हापासून या कामात आहे, ऑफिसातून आला की शर्टाच्या बाह्या वर.

कोरोनाच्या काळाबद्दल लिहीत नाही, सगळ्यांचं तेच झालं.

त्याच सुमाराला एक मोठी स्टेशनरी कंपनी आमच्याकडे माल घ्यायला लागली. नाव घेत नाही. चांगला नियमित माल, आमच्या उत्पन्नातला सगळ्यात मोठा वाटा त्यांचा. दर सीझनला नमुने मागवायचे, मोठे, सपाट, घडी न घातलेले, आणि "निवडीसाठी" म्हणून ठेवून घ्यायचे. मग आला ऑक्टोबर २०२३, कन्झम्प्शन टॅक्सची, म्हणजे आपल्या जीएसटीसारख्या कराची, इन्व्हॉइस पद्धत. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्षाला एक कोटी येनच्या आत विक्री असलेल्या आमच्यासारख्यांना हा टॅक्स भरावा लागत नसे. आता रजिस्ट्रेशन नंबर नसेल तर आमच्याकडून घेणाऱ्याला त्याची पूर्ण वजावट मिळत नाही, पहिली तीन वर्षं ८० टक्के तरी मिळते. नंबर घ्यायचा तर टॅक्स आमच्या खिशातून. कंपनीने सांगितलं नंबर घ्या, आम्ही दराबद्दल बोलू म्हटलं, तर दोन ओळींचा मेल आला की सध्या खरेदी थांबवत आहोत. कारण टॅक्सचं दिलं. आम्ही विश्वास ठेवला, बिचाऱ्यांची पण अडचण असेल.

पुढच्या वसंतात माझी एक विद्यार्थिनी एक पाकीट घेऊन आली. छापलेले कागद, वर "सुमिनागाशी" लिहिलेलं. पहिल्याच कागदावर उजवीकडे तिसऱ्या कड्यावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा टिपका आणि त्याच्या खाली केसाने ओढलेली रेघ मधेच तुटलेली. तो टिपका मी ओळखला. मूळ कागदाची जोडी, त्याच दिवशी त्याच पाण्यावरून उचललेली, माझ्या कपाटात होती. मी पाकिटातले सगळे कागद टेबलावर मांडले, प्रत्येकावर टिपका त्याच जागी. दुसरं पाकीट विकत आणलं, त्यातही तेच. पाण्यावरची नक्षी जगात दुसऱ्यांदा येत नाही हो, हेच तर आम्ही विकतो!

नवऱ्याने फोन केला, मग दोघं भेटायला गेलो. मीटिंगमध्ये तो माणूस अगदी नम्रपणे म्हणाला की नक्षी पाण्याने काढली आहे, तिच्यावर कोणाचा हक्क कसा सांगणार. मी त्याला म्हटलं पाण्यात ब्रश कोणी टेकवला? त्याने मान झुकवली, चहा मागवला. वकिलाकडेही गेलो, त्याने फी सांगितली आणि ती आमच्या सगळ्या शिलकीपेक्षा जास्त होती. विषय तिथेच संपला. त्या वर्षी क्लासची जागा सोडायची वेळ आली होती, घरमालकाला पत्र लिहून ठेवलं होतं, फक्त टाकायचं बाकी.

बाइंडर काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ते पाकीट मागून घेतलं. पहिल्या दिवसासारखीच घडी घातली, नखाने दाबली, उघडली. घडीवर पांढरी रेघ. आमच्या कागदात शाई तंतूत गेलेली असते, छापलेल्यात वर बसलेली. त्यांनी तो घडी घातलेला तुकडा त्यांच्या संघटनेच्या बैठकीत नेला, शेजारी आमचा ठेवला. टॅक्सच्या नंबरबद्दल मी विचारलं तर म्हणाले, फरक मी सोसतो, तुम्ही दर तोच ठेवा. महिनाभरात हाताने बांधणी करणारे आणखी बाइंडर आले, मग स्वतःच्या तांकांचे, म्हणजे छोट्या जपानी कवितांचे, संग्रह छापून घेणारी आजी-आजोबांची मंडळी, त्यांना प्रत्येक प्रतीला वेगळा कागद हवा असतो. घरमालकाचं पत्र फाडून टाकलं.

आता नमुना द्यायचा तर तळहाताएवढाच, कडेला फाडलेला, मधून आमचा शिक्का, आणि प्रत्येक मोठ्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलने तारीख आणि कांडीचं नाव. ज्यांचा हाताचा धंदा आहे, मग पैठणी असो, वारली असो, त्यांनी आजपासून हेच करावं, समोरचा कितीही गोड बोलला तरी. ते पाकीट अजून दुकानात आहे, टिपक्यासकट. आमच्याकडे सध्या एका तांका संग्रहाचं काम चालू आहे, पाइनची कांडी, निळसर छटा, आणि मोठा ट्रे असल्यामुळे शनिवारचा क्लास या महिन्यात बंद आहे.