जुने बिडाचे भांडे आधी वाजवून पाहावे

जुन्या सामानाच्या ढिगात बिडाचे एखादे भांडे दिसले की बहुतेक लोक ते उचलतात, बोटांना लागलेला तांबूस गंज पाहतात आणि परत जागेवर ठेवून देतात. मीही कित्येक वर्षे तेच करत होते. पुढे दहा-बारा भांडी घासून, त्यांतली काही बिघडवून आणि पुन्हा सुधारून झाल्यावर माझे मत पार उलटे झाले. ज्या दोषामुळे आपण भांडे नाकारतो तो बहुधा घरच्या घरी दूर होतो. ज्याच्यावर काही उपायच नाही तो दोष सहसा पहिल्या नजरेला दिसत नाही.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात धातूभर विखुरलेला राहतो. या कार्बनमुळे हे लोखंड पोलादापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळून साच्यात सहज पसरते, आणि त्या पापुद्र्यांमुळेच ते ठिसूळही होते. पत्र्याचे भांडे खाली पडले तर त्याला पोचा येतो; बिडाच्या भांड्याला तडा जातो, आणि तो काजळीच्या थराखाली वर्षानुवर्षे लपून राहू शकतो. म्हणून मडके वाजवून घ्यावे तसे मी प्रत्येक भांडे आधी वाजवून पाहते. दांडा एका बोटावर मोकळा टांगायचा आणि कडेवर लाकडी चमच्याने हलका टोला द्यायचा. अखंड भांडे खणखणीत वाजते आणि नाद क्षणभर रेंगाळतो. तडा गेलेले बद्द वाजते. जाड थर चढलेल्या भांड्याचा नाद थोडा दबतो हे खरे, पण दबलेला नाद आणि बद्द आवाज यांतला फरक चार-पाच भांडी वाजवल्यावर कानाला कळू लागतो.

त्यानंतर भांडे काचेवर किंवा तशाच सपाट पृष्ठावर ठेवून पाहावे. ते डुगडुगले किंवा बोटाच्या धक्क्याने गरगर फिरले, तर तळाला बाक आला आहे असे समजावे, आणि हा बाक ठोकून सरळ करायला गेल्यास भांडे फुटते. घासूनही न जाणारी लालसर, खवलेदार झाक दिसली तर ते भांडे कधीतरी भडक आगीत पडलेले असण्याची शक्यता मोठी. अशा धातूवर तेलाचा थर नीट धरत नाही. सर्वांत वाईट शक्यता शिशाची. मासेमारीची वजने किंवा बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी शिसे वितळवायला अशी जुनी भांडी वापरली गेली आहेत. आत राखाडी, मऊ, चमकदार डाग दिसला तर भांडे कितीही देखणे असो, मी ते घेत नाही.

तळावरची एक सरळ, अरुंद, उंचावलेली रेघ मात्र तडा समजून पुष्कळांना फसवते. वितळलेले लोखंड साच्यात जिथून ओतले त्या जागेची ती खूण असते आणि एकोणिसाव्या शतकातल्या भांड्यांवर ती वरचेवर आढळते. वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचे पेटंट अब्राहम डार्बी याने १७०७ साली इंग्लंडमध्ये घेतले होते, आणि वाळूचा साचा अजूनही वापरात आहे. अमेरिकेत एरी येथील ग्रिस्वोल्ड (१८६५ ते १९५७) आणि ओहायो राज्यातल्या सिडनी येथील वॅगनर (१८९१ पासून) या कारखान्यांची भांडी संग्राहक शोधत फिरतात, कारण ती वजनाला हलकी आणि आतून घासून गुळगुळीत केलेली असत. स्वयंपाकापुरते बोलायचे तर तळाशी कोणाचे नाव आहे याने मला फारसा फरक जाणवलेला नाही.

आता सफाई. येथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी जळकट तेलाचा थर, नंतर गंज. थरासाठी कॉस्टिक सोड्याचे पाणी उत्तम, सुमारे २० लिटर पाण्याला अर्धा किलो. प्लास्टिकच्या बादलीत भांडे काही दिवस बुडवून ठेवले की वर्षांचा कीट मऊ पडून सुटतो आणि लोखंडाला इजा होत नाही. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. सोडा नेहमी पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी कधीही ओतू नये. आणि अॅल्युमिनियमची वस्तू त्या बादलीच्या आसपासही आणू नये, कारण सोडा ती खाऊन टाकतो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. थर जाळून काढायला भांडे आगीत टाकण्याचा सल्ला काही जण देतात. मघाशी सांगितलेले बाक, तडे आणि लाल खवले नेमके याच उद्योगातून येतात. विजेच्या यंत्राला तारांची चकती लावून घासण्याचाही मला तिटकारा आहे. चकती जुना गुळगुळीत पृष्ठभाग ओरबाडून काढते.

सोड्याने गंज जात नाही. त्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घ्यावे, भांडे अर्धा तास बुडवावे, घासावे, पाहावे आणि गरज असेल तरच पुन्हा बुडवावे. व्हिनेगर गंज खाऊन थांबत नाही, पुढे लोखंडही खाते. हे मी स्वतःच्या हाताने शिकले: एक सुरेख तवा रात्रभर त्यात विसरले आणि सकाळी काढला तेव्हा त्याचा तळ खरकागदासारखा झाला होता.

गंज निघालेले उघडे लोखंड पाण्याशी इतके हपापलेले असते की पुसता पुसता त्यावर केशरी झाक चढते. म्हणून धुतल्याबरोबर ते मंद आचेवर कोरडे करावे आणि कोमट असतानाच तेल लावावे. सीझनिंग, म्हणजे भांड्यावर तेलाचा थर चढवणे, हे भांड्याने तेल पिणे नव्हे, असे मी अनेकांना सांगून दमले आहे. उष्णतेने आणि हवेतल्या प्राणवायूने तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन धातूला घट्ट चिकटलेला एक कडक पापुद्रा बनतो. तेल लावून झाल्यावर ते चुकून लागले असावे अशा निष्ठेने सगळे पुसून काढावे. जे उरलेले दिसतही नाही तेवढेच पुरते. जास्त राहिले तर चिकट ओघळ वाळतात. भांडे ओव्हनमध्ये पालथे घालून २३० ते २५० अंश सेल्सिअसला तासभर तापवावे, आतच थंड होऊ द्यावे आणि हे तीन-चार वेळा करावे. पहिल्या खेपेला रंग तपकिरीच येतो, काळेपणा वापराने चढतो. जवसाच्या तेलाचा बोलबाला ऐकून मी ते लावून पाहिले. थर आरशासारखा आला आणि काही महिन्यांत पोपडे धरून सुटला. आता साधे खाण्याचे तेल वापरते.

व्हिनेगरमध्ये विसरलेला तो तवा मी टाकून दिला नाही. तळ बोटाला अजून खरखरीत लागतो, पण वर्षभराच्या वापराने ते खळगे हळूहळू भरत आले आहेत. दांड्याजवळच्या एका जागी अजूनही चिकटते, तेव्हा तेवढ्या भागाला पुन्हा तेल पुसून तवा तापवते.