तुम्ही विचारलंत म्हणून : माळ, वर्दी आणि एकादशी

कीर्तन संपल्यावर देवळाच्या पायरीवर टेकलेली मंडळी असोत किंवा प्रजासत्ताक दिनाला शाळेत बोलावणारे शिक्षक असोत, मला प्रश्न ठरलेला येतो : "कर्नल साहेब, गळ्यात माळ घालून फौजेत चोवीस वर्षे कशी काढलीत? देवधर्म आणि संसार कसा सांभाळलात?" अर्धे उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच तयार असते. मी पहाटे उठून पूजा करत असेन, एकादशी कधी मोडली नसेल, आणि पत्रांतून मुलांवर संस्कार करत असेन, असे त्याला वाटत असते. यातले बहुतेक काही घडलेले नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

आमचे गाव लोणंद आणि फलटणच्या मधले. माउलींची पालखी जवळजवळ दारावरून जाते, आणि माझ्या आठवणीत वडिलांच्या वारीला कधी खंड पडला नव्हता. माझ्या गळ्यात माळ आली ती बाराव्या वर्षी. खडकवासल्याची तीन वर्षे आणि देहरादूनचे एक वर्ष संपवून डिसेंबर 1987 मध्ये मी अधिकारी झालो, तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीच मिळणार याची घरच्यांना खात्री होती. मिळाली शीख पलटण. आईने एवढेच विचारले, "तिथे विठोबा असेल का रे?"

फौजेची रीत अशी आहे की जवानांचा जो देव, तोच त्यांच्या अधिकाऱ्याचा देव. त्यांची भाषा शिकायची, त्यांचे सण आपले मानायचे आणि रविवारी त्यांच्यासोबत जमिनीवर मांडी घालून बसायचे. मेसमध्ये माझी अडचण कुणाला फारशी वाटली नाही. मेजवानीच्या रात्री शाकाहारी माणसाच्या ताटापुढे एक गुलाब ठेवत, म्हणजे वाढप्याला विचारावे लागत नसे, आणि राष्ट्रपतींच्या नावाने ग्लास उंचावताना माझ्या ग्लासात पाणी असे. (त्या गुलाबावरून सुरुवातीला थट्टा झाली, पण थट्टा फौजेत कशावरूनही होते.) माळ कॉलरच्या आत राहिली. लोकांना जे सर्वांत अवघड वाटते, ते इतके सोपे होते.

पलटणीत आल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी डोक्याला रुमाल बांधून गुरुद्वाऱ्यात मागे बसलो होतो. पंजाबी कानावर नीट बसलेली नव्हती आणि खरे सांगायचे तर मला पेंग येत होती. तेवढ्यात ग्रंथी साहेबांच्या गाण्यातून "बीठल" असा शब्द कानावर आला, पुन्हा आला, आणि माझी झोप उडाली. कडाप्रसाद हातावर घेतल्यावर मी त्यांना गाठले. फौजेत धर्मगुरू हा नायब सुभेदार म्हणून भरती होणारा अधिकारी असतो, त्यामुळे माझ्यासारख्या नवख्या सेकंड लेफ्टनंटने अदबीनेच विचारायचे असते. ते म्हणाले, "भगत नामदेवजी की बाणी है, साहब." गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची 61 पदे आहेत, हे मला तोवर ठाऊक नव्हते, आणि नामदेव शिंपी आमच्या पंढरपूरचे, हे ग्रंथी साहेबांना पटवून देणे जड गेले, कारण त्यांच्या लेखी ते गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानचे. 2015 साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळांनी हे गाव पहिल्यांदा ऐकले. माझे आणि ग्रंथी साहेबांचे त्या गावावरून भांडण त्याच्या सत्तावीस वर्षे आधी होऊन गेले होते. त्या भांडणातूनच मी गुरुमुखी वाचायला शिकलो. आईला पत्रात कळवले की इथे विठोबा आहे, फक्त त्याला बीठल म्हणतात.

पुढे पलटण हलताना ग्रंथसाहिब किती मानाने हलवतात ते पाहिले. तेव्हा पालखीतल्या पादुका आठवल्याशिवाय राहिल्या नाहीत.

एकादशी मात्र मोडली. 1996 साली आम्ही सियाचीनवर होतो. चढण्यापूर्वी सगळे ओपी बाबांच्या, म्हणजे जवान ज्याला सियाचीनचा राखणदार मानतात त्या सैनिकाच्या, ठाण्यावर हजेरी देऊन गेलो. तिथे शीख, हिंदू, मुसलमान असा भेद कुणी करत नाही. अठरा हजार फुटांवर भूक आपोआप मरते, अन्न बळेच गिळावे लागते, आणि दोराला बांधून चालताना एक जण अशक्त झाला तर मागच्या-पुढच्यांचा जीव टांगणीला लागतो. पहिल्या एकादशीला मी उपवास धरला आणि दुपारी माझ्या पायांचा भरवसा वाटेनासा झाला. संध्याकाळी डब्यातला राजमा गरम करून खाल्ला. त्यानंतर चौकीवर असेपर्यंत एकही एकादशी पाळली नाही. याचा मला खेद नाही. माझ्या पुण्याचा भार दोरावरच्या इतरांनी का वाहावा?

बंदुकीबद्दलही लोक आडून विचारतात. गोळी चालवावी लागली, त्या रात्री हरिपाठ म्हटला नाही, दुसऱ्या दिवशी म्हटला. यापेक्षा अधिक लिहिणार नाही.

आता संसार. वर्षाची साठ दिवसांची रजा आणि वर वीस दिवसांची किरकोळ रजा ऐकायला भरपूर वाटते, पण आषाढी नेमकी बर्फाच्या खिंडी उघडून फौजेचे काम वाढलेले असते तेव्हा येते. चोवीस वर्षांत मला वारी घडली दोनदा. मुलांच्या पाच शाळा झाल्या आणि पाचही वेळा दाखला काढायला हीच गेली. ही गिरगावच्या चाळीतली. वारीशी तिच्या माहेरचा काही संबंध नव्हता. माझ्यासाठी ती भिंतीवरच्या कालनिर्णयातले एकादशीचे चौकोन कात्रीने कापून पत्रात घालत असे. 1996 च्या आषाढात वडिलांचा गुडघा धरला, ते एकटे जाऊ शकत नव्हते, आणि नेम तर मोडायचा नव्हता. मुलांना आईजवळ ठेवून, सासऱ्यांची पिशवी खांद्याला लावून ती लोणंदपासून पंढरपूरपर्यंत चालत गेली. तळपायाला आलेल्या फोडांतून सुई-दोरा कसा ओवून घ्यायचा, हे तिने पत्रात आकृती काढून कळवले होते. 56 एपीओ या फौजी टपालाच्या पत्त्यावरचे ते पत्र हेलिकॉप्टरने तीन आठवड्यांनी वर आले. मी उलट टपाली लिहिले की लहान मुलांना सोडून असे जायला नको होते. ते पत्र मी पाठवले, याची मला अजून लाज वाटते. तिने त्याला उत्तर दिले नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा चालली. तेव्हा तुमच्या प्रश्नातले "सांभाळलात" हे क्रियापद चुकीच्या माणसाला लावलेले आहे.

निवृत्तीनंतर एका आषाढात आमचे जुने सुभेदार मेजर साहेब नांदेडला हुजूर साहिबचे दर्शन करून वाट वाकडी करत आमच्याकडे आले. लोणंदहून तरडगावपर्यंत दिंडीत चालले, चांदोबाच्या लिंबाजवळचे उभे रिंगण त्यांनी टाचा उंचावून पाहिले आणि रात्री पंगतीत पिठले-भाकरी खाल्ली. पंगत हा शब्द त्यांना नवा नव्हता, गुरुद्वाऱ्याच्या लंगरातही पंगतच म्हणतात. निघताना त्यांनी हिला विचारले, "मेमसाब, अगले साल पालखी कब है?" नवीन कालनिर्णय आले की पान कापून पाठवते, असे ती म्हणाली. त्यांनी पत्ता लिहून दिला तो गुरुमुखीत, आणि तो उतरवून घेण्याचे काम तिने माझ्याकडे सरकवले.