ठिपका एकच दिसत होता

विमानवाहू जहाजाच्या ऑपरेशन्स रूमला खिडकी नसते. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते डेकवरून खाली आलेल्या माणसाकडे बघून कळतं. त्या सकाळी रडारवर मी होतो. काम रोजचंच: दोन जेट एकामागून एक सुटणार आणि वर जोडी जमवणार.

पुढचा, म्हणजे लीडर, संथ वळत राहतो, मागचा वळणाच्या आतून त्याला गाठतो. गाठायचं म्हणजे लीडर कॉकपिटच्या काचेत एकाच जागी धरून ठेवायचा. तो हलत नाही, नुसता मोठा होत जातो. धडक होतानाही नेमकं हेच दिसतं. फरक इतकाच, की जोडी जमवताना शेवटी वेग आवरायचा असतो. तो आवरायला उशीर झाला आणि घाईत विमान कलवलं, तर लीडर आपल्याच विमानाच्या पोटाआड जातो.

माझ्या पडद्यावर दोन ठिपक्यांचा एक झाला. तेच तर हवं असतं. जोडी जमली की मागचा आपला ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला विमानाचा कोड कळवणारं यंत्र, बंद ठेवतो, त्यामुळे त्याचा कोड दिसेनासा झाला याचंही मला काही वाटलं नाही. मी लॉगमध्ये लिहिलं आणि चहाचा कप उचलला.

तेवढ्यात २४३ मेगाहर्ट्झवर, आणीबाणीच्या लहरीवर, चिरकणारा सूर सुरू झाला. वैमानिक सीटसकट विमानाबाहेर उडाला की सीटमधला बीकन आपोआप वाजतो. खाली कोणीतरी तपासणी करत असेल, असं मला वाटलं. खरंच वाटलं. मग लीडरचा आवाज आला, "धडक. तो खाली गेलाय. छत्री दिसली नाही."

बचाव हेलिकॉप्टर हवेतच होतं. उड्डाणं चालू असताना ते असतंच. पण पाठवायचं कुठे? टक्कर ६,००० फुटांवर. पॅराशूटला उतरायला सहा मिनिटं धरली, तर १५ नॉटच्या वाऱ्यात माणूस दीड मैल वाहणार. मी ठिपक्याची जागा दिलीच नाही, वाऱ्याच्या दिशेने दीड मैल पुढची दिली. तो तिथून थोडा अलीकडे सापडला, खांदा निखळलेला, पण शुद्धीवर.

लीडरच्या शेपटीचा तुकडा गेला होता. वरच वेग कमी करून पाहिला, तर विमान लवकर डगमगायला लागलं. म्हणजे उतरताना वेग जास्तच ठेवावा लागणार, आणि त्या वेगात विमान थांबवणारी डेकवरची तार पकडणं शक्य नव्हतं. त्याला किनाऱ्यावरच्या धावपट्टीकडे वळवलं. तो उतरल्याचं कळेपर्यंत आमच्याकडे कोणी बसलं नाही.

चौकशीत साहेबांनी माझा लॉग उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अक्षर माझंच, नेहमीपेक्षा नीट: "१०.४२. जोडी जमली."