तांदळाच्या वेतनावरचे योद्धे

जपानचा सामुराई आणि युरोपचा नाइट यांची तुलना बहुधा शौर्य आणि निष्ठा यांपाशीच थांबते. मला मात्र दोघांच्या उपजीविकेची व्यवस्था अधिक बोलकी वाटते. नाइट जहागिरीच्या मोबदल्यात लष्करी चाकरी करी आणि अनेकदा एकाहून अधिक धन्यांकडून जमिनी घेई, त्यामुळे ते धनी आपसांत लढू लागले की त्याच्या निष्ठेचा पेच उभा राही. इंग्लंडमध्ये तर बाराव्या शतकात रोख रक्कम भरून ही चाकरी टाळता येत असे.

सामुराईही आरंभी जमिनीशीच बांधलेला होता. परंतु १५८८ मध्ये जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने शेतकऱ्यांची शस्त्रे जप्त करवून शेतकरी आणि योद्धा वेगळे केले आणि पुढे तोकुगावा घराण्याच्या राजवटीत बहुतेक सामुराई किल्ल्याभोवतीच्या नगरांत राहू लागले, जिथे त्यांचे वेतन तांदळाच्या ‘कोकू’ या मापात (सुमारे १८० लिटर) मोजले जाई. अडीचशे वर्षांच्या त्या शांततेत कमरेला दोन तलवारी लावून कारभाराचे कागद सांभाळणारा हा वर्ग मला सरंजामी योद्ध्यापेक्षा सरकारी नोकरच अधिक वाटतो. पायाखाली स्वतःची जमीन उरली नसल्यामुळे, माझ्या मते, तोकुगावांनंतर आलेल्या मेजी सरकारला १८७६ मध्ये त्यांच्या वेतनाऐवजी कर्जरोखे हाती देणे तुलनेने सोपे गेले. तलवार बाळगण्यावर बंदीही त्याच वर्षी आली. सात्सुमा प्रांतातल्या असंतुष्ट सामुराईंचे बंड झाले खरे, पण ते १८७७ मध्येच मोडले गेले.