पिवळे फोल्डर

आमच्या वेळी शाळेच्या संगणक खोलीत सगळीकडे विंडोज ९८ होते. त्यात देवनागरीची सोय नव्हती. ती पुढे विंडोज २००० पासून आली. त्यामुळे फोल्डरची नावे इंग्रजी अक्षरांत, आणि तीही ज्याला सुचेल त्या स्पेलिंगची. पाचवीची मुले एकसारख्या पिवळ्या फोल्डरांच्या रांगेत स्वतःचा फोल्डर हुडकत बसायची आणि तासाचा बराचसा वेळ त्यातच सरायचा. स्नेहसंमेलने आणि सहलींबद्दल या स्मरणिकेत बाकीचे लिहितीलच. मला आठवते ती ही पिवळी रांग, कारण प्रत्येक फोल्डरला वेगळे चित्र देण्याच्या नादात मी संगणक शिकलो.

शॉर्टकटचे, म्हणजे दुसरीकडची फाइल उघडून देणाऱ्या दुव्याचे, चित्र बदलणे सोपे होते. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, चेंज आयकॉन, की शेल३२ डॉट डीएलएल या फाइलीतली चित्रे समोर यायची: झाड, पृथ्वीचा गोल आणि बरेच काही. पीआयएफएमजीआर डॉट डीएलएल नावाच्या दुसऱ्या फाइलीत तर छत्री, सफरचंद, चेंडू अशी कशाशी काही संबंध नसलेली चित्रे होती. आम्हाला तीच जास्त आवडायची.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र असे बटणच नव्हते. त्यासाठी नोटपॅड उघडून डेस्कटॉप डॉट आयएनआय ही फाइल लिहावी लागे. पहिली ओळ चौकटी कंसातली, ‘शेलक्लासइन्फो’ची, आणि त्या शब्दाआधी एक टिंब. खाली चित्राच्या फाइलीचे नाव आणि त्या फाइलीतला चित्राचा क्रमांक. मोजणी शून्यापासून, म्हणून पहिल्या चित्राचा क्रमांक शून्य. ही फाइल फोल्डरमध्ये ठेवली तरी तो पिवळाच राहायचा! कारण नंतर उमगले: प्रत्येक फोल्डरमध्ये डोकावत बसण्याइतका वेळ विंडोजकडे नव्हता. ज्या फोल्डरवर ‘सिस्टिम’ किंवा ‘रीड-ओन्ली’ अशी खूण असेल, त्यातच ते ही फाइल शोधायचे. मग डॉसच्या काळ्या खिडकीत खुणा लावणारी ‘ॲट्रिब’ ही आज्ञा, अधिक चिन्ह, सिस्टिमचा एस आणि फोल्डरचे नाव. एफ५ दाबले की चित्र हजर.

बाईंचा नियम एकच होता: “सिस्टिमच्या फाइलींना हात लावायचा नाही, बाकी काय हवे ते करा.” आम्ही हात लावत नव्हतो, आमचेच फोल्डर सिस्टिमचे करत होतो. हा फरक बाईंना समजावून सांगण्याची कुणाला घाई नव्हती.

तयार चित्रे संपल्यावर पेंटमध्ये स्वतःची काढायला लागलो. रुंदी ३२, उंची ३२, म्हणजे एकूण १,०२४ ठिपके, आणि रंग १६. झूम वाढवून जाळी चालू केली की रांगोळीसारखे एकेक घर भरायचे. पेंटने साठवलेल्या बीएमपी फाइलीचे शेपूट, म्हणजे नावातल्या टिंबानंतरची अक्षरे, बदलून आयसीओ केले की विंडोज ९८ ती आयकॉन म्हणून मुकाट्याने स्वीकारायचे. फक्त कोपरे पांढरे राहायचे. खऱ्या आयकॉनमध्ये रंगांच्या चित्राबरोबर दुसरे एक काळे-पांढरे चित्र असते. कुठला ठिपका झाकायचा आणि कुठून मागचे दिसू द्यायचे, ते त्यावरून ठरते. आमच्या नाव बदललेल्या फाइलीत ते कुठून येणार? सातवीच्या एका मुलीने यावर साधा उपाय काढला. पार्श्वभूमी डेस्कटॉपच्याच हिरवट-निळ्या रंगाने भरायची. फोल्डरची खिडकी उघडली की सोंग उघडे पडायचे, पण डेस्कटॉपवर कुणाला पत्ता लागत नसे.

अशी एक फाइल ६३० बाइटची, त्यामुळे फ्लॉपीवर चित्रांचा ढीग मावायचा. चित्र मात्र फ्लॉपीवरच ठेवून चालत नसे. फोल्डर दिसला की विंडोज ते चित्र शोधायला ए ड्राइव्हकडे धावायचे आणि ड्राइव्ह घरघरत बसायचा. म्हणून चित्र त्या फोल्डरमध्येच ठेवायचे आणि आयएनआयमध्ये पूर्ण पत्ता न देता नुसते फाइलीचे नाव लिहायचे. फोल्डर दुसऱ्या जागी हलवला तरी चित्र सोबत जायचे.

कधी कधी सगळी चित्रे आपसांत बदलायची. नोटपॅडच्या जागी कॅल्क्युलेटर दिसायचा. विंडोज ९८ चित्रांची एक प्रत शेलआयकॉनकॅश या लपवलेल्या फाइलीत जपून ठेवायचे आणि ती बिघडली की असे व्हायचे. ती फाइल उडवून मशीन पुन्हा सुरू करायचे, नाहीतर आयकॉनचा आकार ३२ चा ३१ करून परत ३२ वर आणायचा. दुसरी युक्ती मला आजही जास्त आवडते.

२००१ साली विंडोज एक्सपी आले आणि फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कस्टमाइझ’ हा टॅब आला. आता चित्र बटणावरून बदलता येऊ लागले, आयकॉनच्या कडा गुळगुळीत झाल्या, अर्धपारदर्शक सावल्या आल्या. सोय झाली, हे खरेच. पण त्या बटणामागे तीच डेस्कटॉप डॉट आयएनआय लिहिली जाते, हे नव्या मुलांना दाखवायला कारणच उरले नाही.

पाचवीच्या फोल्डरांसाठी आम्ही काढलेली घुबडे, बैलगाड्या आणि पतंग आता कुठे आहेत, कुणास ठाऊक. त्या बॅचमधल्या कुणाकडे जुनी फ्लॉपी असेल तर ती टाकू नका, जरूर कळवा. ती वाचू शकणारा ड्राइव्ह माझ्याकडे अजून चालू आहे.